डी मॉइनला जाऊ का, मावशी?

भाच्याला कंपनी डी मॉइनला पाठवतेय. आयोवा राज्याची राजधानी, अमेरिकेच्या बरोब्बर पोटात, आजूबाजूला नजर जाईल तिथपर्यंत मका आणि सोयाबीन. घरात सगळे माझ्याकडे बघतायत कारण नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही तिथे तीनेक वर्षं काढून गेल्या वर्षी परत पुण्यात, धायरीत, आलो. भाच्याने एक्सेल शीट केलीय (पुण्यातला इंजिनिअर, शीट तर असणारच), त्यात पगार, भाडं, टॅक्स, ऑफिसला जायला लागणारा वेळ, शाळा, हवा, पाणी, सगळ्याला दहापैकी मार्क, आणि डी मॉइन धायरीच्या खूप पुढे. "मावशी, तू फक्त एकदा नजर टाक." टाकली. मार्क बहुतेक बरोबरच आहेत रे. फक्त एक गोष्ट, की शीटला मार्कांचा कॉलम एकच आहे आणि तो कोणाचा ते वर लिहिलेलं नाही. मी वाचल्यावर लगेच कळलं, तो तुझा आहे. सकाळी ऑफिसला जाणाऱ्या आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाचा.

त्या माणसासाठी गाव खरंच भारी आहे, ह्यात वाद नाही. शहरात दोन लाखांच्या वर माणसं, उपनगरं धरून सातेक लाख, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या निम्मंही नाही. इन्शुरन्सचं गाव आहे ते, प्रिन्सिपल नावाच्या मोठ्या कंपनीचं मुख्यालय तिथेच, आणि त्यांचं पुण्यातही मोठं ऑफिस आहे त्यामुळे डी मॉइन हे नाव पुण्यात बऱ्याच जणांनी ऑफिसात ऐकलेलं असतं. नवरा घरून निघायचा आणि वीस मिनिटांत डेस्कवर. रोज. पावसात, गुरुवारी, महिन्याच्या एक तारखेला, कधीही. इथे टॉमटॉम नावाच्या कंपनीच्या 2024 च्या ट्रॅफिकच्या यादीत पुणं जगात चौथं सर्वात हळू शहर आलं होतं, दहा किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटं, आणि ती सरासरी काढताना त्यांनी बहुतेक रात्री दोनची वेळही धरली असणार कारण संध्याकाळी सात वाजता हिंजवडीहून निघून बघा म्हणावं. तर तिथे हा माणूस साडेपाचला घरात. उन्हाळ्यात जवळपास नऊपर्यंत उजेड असतो, मग चहा घेऊन ग्रेज लेकला चक्कर, सायकल, शनिवारी सकाळी डाउनटाउनचा शेतकरी बाजार, मे ते ऑक्टोबर. त्याचं वजन कमी झालं, बीपी खाली आलं, चिडचिड गेली. चौकात चार बाजूंनी चार गाड्या येऊन थांबतात आणि प्रत्येक जण हाताने "तुम्ही आधी" म्हणतो, पहिला महिना आम्हाला वाटायचं ह्यांच्या गाड्या बंद पडल्यात की काय.

पैशाचंही तुझं गणित चुकलेलं नाही. राज्याचा इन्कम टॅक्स 2025 पासून सरसकट 3.8 टक्के, फेडरल, म्हणजे केंद्राचा, वेगळा. अडीच-तीन लाख डॉलरला मागे हिरवळ आणि खाली बेसमेंट असलेलं घर मिळतं, कॅलिफोर्नियावाले ऐकून रडतात. पण घर घेतलंस तर दरवर्षी घराच्या किमतीच्या साधारण दीड टक्का प्रॉपर्टी टॅक्स आहे, तो शीटमध्ये नाहीये. शाळा चांगल्या आहेत ना, त्या ह्यातूनच चालतात बऱ्याच अंशी. आणि मुलं तीन वर्षांच्या आतली असतील तर डेकेअर. त्या आकड्याला तू बहुतेक एक शून्य कमी टाकलायस, बघ परत.

आमच्या लेकीला विचारलंस तर ती उद्याच बॅग भरेल. पिवळी बस दाराशी, बर्फ पडला की शाळेला सुट्टी, आणि सुट्टी असली की टेकाडावरून घसरगुंडी. लायब्ररीत एका वेळी उचलता येतील तेवढी पुस्तकं, फुकट, त्यात डाउनटाउनची ती 2006 मधली काचेची आणि तांब्याच्या जाळीची लायब्ररी, डेव्हिड चिपरफिल्ड नावाच्या मोठ्या आर्किटेक्टने बांधलेली, लेक तिथे जमिनीवर पालथी पडून वाचायची आणि कोणी "ए, उठ" म्हणायचं नाही. ऑगस्टमध्ये स्टेट फेअर. म्हणजे आपली जत्राच, फक्त तिथे फ्रीजमध्ये लोण्याची आख्खी गाय ठेवतात, 1911 पासूनची पद्धत, आणि लोक तिच्यासाठी रांग लावतात. आमच्या सासूबाईंनी ती बघून विचारलं की नंतर ह्याचं तूप कढवतात का. नाही कढवत. त्यांना फार वाईट वाटलं.

आता माझा कॉलम. तो जरा लांब आहे, बसून वाच.

मी इथे एका सीएच्या ऑफिसात होते, सकाळी साडेनऊ ते सहा. व्हिसाची अडचण नव्हती, एल-टूवर, म्हणजे कंपनीने बदलीवर पाठवलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्याला नोव्हेंबर 2021 पासून काम करायला वेगळं परमिट काढावं लागत नाही, तेवढं तुझ्या बायकोसाठी चांगलंच आहे. पण काम करायला जायचं तर आधी घरातून बाहेर पडता आलं पाहिजे ना. बस आहे, पण आमच्या घरापासून सर्वात जवळचा स्टॉप गाठायचा म्हणजे फुटपाथ नसलेल्या रस्त्याने चालत, आणि मग तासाला एखादी. गाडी एक, ती नवऱ्याबरोबर. म्हणजे त्याचा ऑफिसला जायचा वीस मिनिटांचा प्रवास वाचवणारी जी गाडी होती त्याच गाडीने मला घरात बसवलं. दुसरी गाडी घेईपर्यंत जवळपास वर्ष गेलं आणि त्या वर्षात मला डी मॉइन म्हणजे एक मोठं, स्वच्छ, गरम केलेलं घर आणि खिडकीतून दिसणारा शेजाऱ्याचा बास्केटबॉलचा खांब एवढंच माहीत होतं.

आणि काम. घरकाम म्हणतेय मी. लोक म्हणतात तिथे मशिन असतं सगळ्याला. असतं ना. मशिनमध्ये भांडी लावायची कोणी, काढायची कोणी, कढईला चिकटलेलं पिठलं आधी खरवडायचं कोणी? इथे मला ऑफिसातून यायला उशीर झाला तर पोळ्यावाल्या काकू पोळ्या करून डबा झाकून गेलेल्या असतात. तिथे रात्री साडेनऊला मी ओटा पुसत असायचे आणि नवरा, तो मदत करायचा हो, खोटं नाही बोलणार, पण त्याचे ते वाचलेले दोन तास तो तळ्याभोवती सायकलवर घालवायचा आणि माझे दोन तास ओट्यापाशी. बेरीज केली तर घराचा वेळ तेवढाच राहिला, फक्त एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेला.

बर्फाचं पण सांगते, कारण तू शीटमध्ये "थंडी: 4/10" एवढंच लिहिलंयस. पंधरा जानेवारी 2024, त्या दिवशी तिथे कॉकस होतं, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची पहिली पायरी आयोवातून सुरू होते ती रिपब्लिकनवाल्यांची सभा. आतापर्यंतचं सर्वात गार कॉकस. पारा शून्याखाली वीसच्या आसपास आणि वारा धरून त्याच्याही कितीतरी खाली. त्याच्या आधीच्या आठवड्यात सलग बर्फ पडलेला. सकाळी उठायचं, दोन पँटी, तीन टोप्या, मग फावडं घेऊन ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट, साफ करायचा, पाठ मोडते, अंगावर आतून घाम आणि नाकाच्या शेंड्याला काहीच जाणवत नाही. झालं, हुश्श करून उभं राहिलं की सिटीचा नांगरवाला ट्रक येतो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ बाजूला ढकलत आपल्याच ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा बांध घालून जातो. आणि तो बर्फ भुसभुशीत नसतो, दगड असतो. परत फावडं. घरासमोरचा फुटपाथही आपणच मोकळा करायचा नाहीतर सिटीची नोटीस येते. डाउनटाउनला काचेचे स्कायवॉक आहेत, जवळजवळ सहा किलोमीटर, बिल्डिंगमधून बिल्डिंगमध्ये कोटाशिवाय फिरता येतं, नवरा त्याचं फार कौतुक करायचा. ऑफिस डाउनटाउनला होतं ना त्याचं. मी ड्राइव्हवेवर.

डॉक्टरचं थोडक्यात सांगते नाहीतर फार होईल. लेकीचा कान ठणकत होता, इथे असते तर संध्याकाळी सातला कोपऱ्यावरच्या बालरोगतज्ज्ञाकडे नंबर लावून साडेसातला घरी. तिथे अर्जंट केअरला गेलो, उपचार उत्तम, वागणूक उत्तम, आणि पुढचे दोन महिने पोस्टाने कागद येत राहिले, हे इन्शुरन्सने दिलं, हे तुमच्या डिडक्टिबलमध्ये (इन्शुरन्स द्यायला लागायच्या आधी आपण भरायची रक्कम), हे आता भरा. त्वचेच्या स्पेशालिस्टची वेळ मागितली तर अडीच महिन्यांनंतरची. तोवर पुरळ आपोआप गेलं होतं.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. इथे त्यांचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो, खाली बाकावर ज्येष्ठांची मंडळी, मग देवळात, मग भाजीवाल्याशी हुज्जत, चारला भजनी मंडळ, मोबाईल नसला तरी दिवसभरात तीस माणसांशी बोलणं होतं. डी मॉइनला त्या खिडकीत बसायच्या. चालायला जावं तर जायचं कुठे, सगळी घरं सारखी, दुकान चालत गाठता येत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही. देऊळ मॅड्रिडला, म्हणजे स्पेनचं नव्हे, आयोवातलं छोटं गाव, गाडीने अर्धा-पाऊण तास. रविवारी नेलं की खूश, तिथून जवळच जुन्या रेल्वेचा उंच पूल आहे, आता तो सायकलवाल्यांचा, त्याच्यावरून खाली दरी बघायच्या आणि म्हणायच्या चला आता, घरी जाऊन परत खिडकी. गणपतीही तिथे शनिवारीच बसतो आणि बऱ्याचदा रविवारीच उठतो, शाळेचा हॉल तेवढाच मिळतो, आरती झोकात होते पण त्यांना ते पटलं नाही ते नाहीच.

एकदाच त्या मनापासून बोलताना दिसल्या. शेजारी एक म्हातारी बाई होत्या, जन्म तिथलाच, त्या कुंडी द्यायला म्हणून आल्या आणि नदीवरून विषय निघाला. शहरात रॅकून आणि डी मॉइन अशा दोन नद्यांचा संगम आहे, आपल्या मुळा-मुठेसारखाच. त्या सांगायला लागल्या की जुलै 1993 मध्ये रॅकून नदीने बांध ओलांडला आणि पाणीपुरवठ्याचं केंद्रच बुडालं, अकरा तारखेला. अडीच लाख लोकांच्या नळाला 12 दिवस पाणी नाही, बाहेर सगळीकडे पाणी आणि घरात थेंब नाही, पिंपं घेऊन टँकरला रांग. मी मधे बसून मराठीत सांगत होते. सासूबाई एकदम ताठ झाल्या. म्हणाल्या, त्यांना सांग, बारा जुलै 1961, पानशेत फुटलं, मी बारा वर्षांची होते, शनिवार पेठेत आमच्या वाड्याचा पहिला मजला पाण्यात, आणि नंतर आम्हीही असेच रांगेत. तासभर चाललं होतं दोघींचं, कोणाच्या घरात किती फूट, चिखल काढायला किती दिवस, काय काय वाहून गेलं. जाताना त्या बाईंनी सासूबाईंना मिठी मारली, सासूबाईंना मिठीची सवय नाही, त्या तशाच उभ्या, पण नंतर दोन दिवस खिडकीत नव्हत्या बसल्या, त्यांच्याकडे जाऊन यायच्या. बोलायच्या कशा देव जाणे, मी नसायचे.

पाण्यावरून आठवलं. तू डी मॉइनच्या पाण्याला नऊ मार्क दिलेस. नळाचं पितात हे खरं. पण आयोवात माणसं बत्तीस लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर, त्यांचं खत आणि मक्याला घातलेलं नायट्रोजन सगळं पाझरून नदीत उतरतं. त्यामुळे तिथल्या पाणीपुरवठ्याला नव्वदच्या दशकापासून नायट्रेट काढायचा वेगळा प्लांट चालवावा लागतो. 2015 मध्ये त्यांनी वरच्या बाजूच्या तीन काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समज) शेतातलं पाणी नदीत सोडणाऱ्या ड्रेनेजच्या मंडळांवर केस टाकली, ती 2017 मध्ये कोर्टाने काढून टाकली. आणि आम्ही होतो तेव्हाच, जून 2025 मध्ये, नदीतलं नायट्रेट इतकं वाढलं की लॉनला पाणी घालायला बंदी. लॉनला बंदी ही तिथे केवढी मोठी गोष्ट आहे हे इथे बसून कळायचं नाही. पण, आणि हा मोठा पण आहे, बंदी आधी आली, नळातून जे आलं ते मर्यादेच्या आत होतं, रोजचे आकडे लोकांना बघता येत होते. त्याच वर्षी जानेवारीपासून आपल्याकडे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ह्या पट्ट्यात गुइलेन बॅरे ह्या नसांच्या आजाराचे पेशंट निघाले, दोनशेच्या वर, आणि विहिरीचं पाणी, टँकरचं पाणी, कोणाचं पाणी ह्याच्यावर आधी वाद झाला. आम्ही तिथे बसून आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज वाचत होतो, उकळून प्या, आरओ लावा, बाहेरचं पनीर खाऊ नका. धायरी 2017 पासून महानगरपालिकेत आहे, टॅक्स आम्ही भरतो, टँकरही आम्हीच मागवतो. तेव्हा पाण्याला डी मॉइनला सात दे, धायरीला तुला वाटतील तेवढे दे.

बाय द वे, 2018 मध्ये केंद्र सरकारच्या ईझ ऑफ लिव्हिंगच्या, म्हणजे राहायला सोप्या शहरांच्या, यादीत पुणं देशात पहिलं आलं होतं, आठवतंय? आम्ही तेव्हा हसलो होतो. आता वाटतं की माझ्यासारखीसाठी ते अगदीच खोटं नव्हतं, कारण माझं ईझ म्हणजे पोळ्यावाल्या काकू, भांड्याच्या ताई, इस्त्रीवाला, आणि दहा मिनिटांत नारळ आणून देणारा पोरगा. ताई पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीतून दोन बस बदलून येतात, बस भरून आली तर थांबत नाही, मग चालत. त्यांना कोणी विचारलं असेल का यादी करताना? तिथे डी मॉइनला ही सगळी माणसं नव्हती म्हणून त्यांची कामं माझ्यावर आली आणि मी कुरकुरले, एवढीच वस्तुस्थिती आहे. आल्यावर मी त्यांना रविवारची सुट्टी दिली, आधी दिली नव्हती. त्यावर सोसायटीतल्या दोन घरांनी मला फोन करून "तुम्ही सवयी बिघडवताय" म्हणून ऐकवलं, असो.

व्हिसाचंही डोक्यात ठेव. तू एल-वन बी वर, म्हणजे कंपनीच्या बदलीच्या व्हिसावर, चाललायस, तो जास्तीत जास्त पाच वर्षं. ग्रीन कार्डला कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची, आणि सप्टेंबर 2025 मध्ये बाहेरून काढायच्या नव्या एच-वन बीला, म्हणजे तिथल्या नोकरीच्या दुसऱ्या व्हिसाला, एक लाख डॉलर फी लावली, ती एल-वनला नाही. म्हणजे जाताना "बघू पुढे" म्हणून जाऊ नकोस, पाच वर्षांनी परत यायचंय असं धरूनच लेकाची शाळा, इथला फ्लॅट, आईची औषधं ह्याचं ठरव.

आणि हो, आमचं माहेर जालन्याचं म्हणून सांगते, जागतिक अन्न पुरस्काराचं मुख्यालय डी मॉइनलाच आहे, नदीकाठच्या जुन्या लायब्ररीच्या इमारतीत. 1998 चा पुरस्कार आपल्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांना, महिको बियाणं कंपनीवाले, माहीत असतील. तुझ्या आजोबांनी त्यांचंच बियाणं लावलेलं आयुष्यभर. जाऊन ये, बरं वाटतं.

परवा भाचा बायकोला घेऊन जेवायला आला होता. मी म्हटलं शीट कर परत, कॉलम चार कर, तुझा, हिचा, लेकाचा, आईचा, आणि प्रत्येकाचे मार्क ज्याचे त्याने भरायचे. तो लगेच फॉर्म्युला कसा लावायचा ह्यात घुसला, वेटेज किती द्यायचं वगैरे. ही इतका वेळ गप्प जेवत होती. आमटी वाढून घेतली आणि मला विचारलं, मावशी, तिथे मला दुसरी गाडी पहिल्या महिन्यात मिळेल का? मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला बघू, आधी सेटल होऊ. ती म्हणाली नाही, आधी गाडी. मग मी सांगितलं की क्रेडिट हिस्टरी नसते त्यामुळे नव्या माणसाला कर्ज महाग पडतं, सेकंडहँड घ्या, हिवाळ्याचे टायर वेगळे लागतात ते किमतीत धरा, आणि ऑफर अजून साइन केली नसेल तर रिलोकेशनच्या रकमेत दुसऱ्या गाडीचे पैसे मागून बघ, देतात कधीकधी. त्याने साइन केलेली नव्हती. तिथेच ताटावर बसून एचआरला मेल टाकायला लागला, उष्ट्या हाताने, मी ओरडले.